भागोजींनी निजून पारखलेला आरसा

रत्नागिरीत घरासाठी जुना आरसा हवा असेल, तर लोक भागोजी गोताड यांचे नाव सांगतात. त्यांच्याकडे दुकानाची पाटी नाही. घरामागे पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात पंचवीस-तीस आरसे भिंतीकडे तोंड करून उभे असतात. भागोजींनी मुंबईत बावीस वर्षे एका काचवाल्याकडे काम केले. गावी परतल्यावर त्यांनी पाडलेल्या घरांतील, बंद पडलेल्या केशकर्तनालयांतील आणि मोडीत निघालेल्या कपाटांतील आरसे गोळा करण्यास सुरुवात केली.

मी त्यांची शेजारीण. मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. त्याच गोधड्यांत गुंडाळून त्यांचे आरसे लोकांच्या घरी जातात, आणि आरसा मोठा असला तर त्याला धरून बसण्यासाठी मीही टेम्पोतून जाते. त्यामुळे पुढील हकिगत मी स्वतः पाहिलेली आहे.

जुना आरसा कसा ओळखावा, हे भागोजी प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगतात. आरशासमोर मान हळूच हलवावी. काच खरोखर जुनी असेल, तर मागच्या भिंतीची सरळ रेघ किंचित वाकते. पारा उडाल्याचे काळे डाग खालून वर चढलेले असावेत, कारण आपल्याकडील खारी ओल खालच्या कडेला साचते. डाग सगळीकडे सारखे असतील, तर ते कोणीतरी मुद्दाम पाडलेले आहेत असे समजावे.

त्यांची आणखी एक रीत आहे. ते आरसा लगेच देत नाहीत. आरशाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून ते गिऱ्हाइकाच्या भिंतीवर चिकटवतात आणि तो तीन दिवस तसाच ठेवतात. चौथ्या दिवशी ते येतात, एकदा उंबऱ्यात उभे राहून पाहतात, एकदा खुर्चीत बसून पाहतात, आणि मगच होय किंवा नाही म्हणतात. "माझा कागद कधी चुकला नाय," असे ते अभिमानाने सांगत असत.

गेल्या माघ महिन्यात भाट्ये पुलापलीकडील भास्करराव यांच्या घरून बोलावणे आले. भास्कररावांची आंब्याची बाग आहे. त्यांच्या पत्नी उमावहिनी बागेतील पायरीवरून घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु दोन महिने निजून राहण्यास सांगितले होते. त्यांची खाट माजघरात आणली होती. त्यांची सून ऋजुता पुण्याहून सेवेसाठी आली होती. घराची डागडुजी नुकतीच झाली होती, आणि सासूबाईंची खोली उजळ दिसावी म्हणून तिला माजघरात एक जुना आरसा लावायचा होता.

ऋजुताने शेडमध्ये येऊन तीन आरसे पाहिले. एक केशकर्तनालयातील उभा, अरुंद आणि खालच्या बाजूला डागाळलेला होता. दुसरा कपाटाच्या दाराचा होता. तिसरा मोठा होता, सागवानी चौकटीचा, वर वेलबुट्टी कोरलेली. तिने तिसरा निवडला. भागोजींनी खाटेसमोरच्या भिंतीवर कागद लावला, चौथ्या दिवशी उभे राहून व बसून पाहिले, आणि होकार दिला. आरसा लागला तेव्हा खिडकीचा उजेड त्यात पडून खोली दुप्पट वाटू लागली. ऋजुताने त्याचे फोटो काढले. उमावहिनींनी डोळे मिटून घेतले.

आरशाची साखळी तपासण्यासाठी भागोजी आठ दिवसांनी पुन्हा जातात. त्याप्रमाणे आम्ही गेलो, तर आरशावर चादर टाकलेली होती.

"हे काय ओ वहिनी?" भागोजींनी विचारले.

"मी सांगितलं, माझ्यावर तरी चादर घाला, नाहीतर त्याच्यावर," उमावहिनी म्हणाल्या.

ऋजुताचा चेहरा उतरला. "आईंना आवडलाच नाही तो. मला आधी सांगायचं तरी," ती म्हणाली.

"अगं, आरसा छान आहे. त्यातली बाई छान नाही." उमावहिनी हसल्या, पण हसू टिकले नाही. "बत्तीस वर्षं मी वीतभर आरशात केस विंचरले. आता दिवसभर ही आजारी बाई माझ्याकडे बघत पडलेली असते. डोळा उघडला की ती, मिटून पुन्हा उघडला की पुन्हा तीच. आणि येणारंजाणारं माणूस मात्र डोक्यामागे. चार दिवसांनी पालखी येईल. मला फक्त ढोल ऐकू येणार. देवी अंगणात उभी राहून म्हणेल, यंदा उमा कुठे गेली?"

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. लग्न झाल्यापासून उमावहिनींनी स्वतःच्या हाताने देवीची ओटी भरली होती. एकही वर्ष चुकले नव्हते.

भागोजींनी आरशाकडे पाहिले, मग खाटेकडे. मग त्यांनी पडवीतील लांब बाक आत आणला, खाटेला लागून ठेवला आणि त्यावर सरळ आडवे झाले.

"भागोजी! मेल्या, तुला काय झालं रे?" मी घाबरून विचारले.

"गप ऱ्हा गो काशी. बघू दे मना. ती चादर काढ."

मी चादर काढली. आरशात दोन माणसे शेजारीशेजारी निजलेली दिसली. उमावहिनींना हसू आवरेना. "आता दोन आजारी झाले!" त्या म्हणाल्या.

भागोजी हसले नाहीत. "चुकलं माझं, वहिनी," ते निजूनच म्हणाले. "कागदात माणूस दिसत नाय. मी उभ्याने बघितलं, बसून बघितलं. ज्याला दिवसभर बघायचं, तो निजलाय, हे डोक्यातच आलं नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही केशकर्तनालयातील अरुंद आरसा घेऊन गेलो. खाटेसमोरच्याच भिंतीवर, कपाट आणि कोपरा यांच्यामध्ये, दारासमोर येणारी जी पट्टी मोकळी होती, तिच्यावर तोच मावत होता. ऋजुता नाराज झाली. "काका, याला डाग आहेत हो."

"डाग खाली हायत, सूनबाई. वहिनींची नजर वर जाणार."

भागोजींनी आरशाच्या एका उभ्या कडेमागे लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे त्याचे तोंड दाराकडे जरा वळले. ते पुन्हा बाकावर आडवे झाले, उठले, पाचर बोटभर बाहेर ओढली आणि परत आडवे झाले. असे त्यांनी सहा वेळा केले. शेवटी त्यांनी उमावहिनींना विचारले, "काय दिसतं?"

"उंबरा," त्या हळूहळू म्हणाल्या. "पडवीची पायरी. तुळस. फाटक... अगं ऋजुता, फाटकाला कडी नाही लावलेली! गुरं शिरतील."

ऋजुता कडी लावण्यास धावली. कोरीव आरसा नंतर माडीवर गेला.

पालखीच्या दिवशी आम्ही दोघेही मुद्दाम गेलो. ढोल वाजत होते, परंतु पालखी नेमकी कुठवर आली हे कळत नव्हते. तेवढ्यात माजघरातून आवाज आला, "ऋजुता, फाटकापाशी आली! नारळ घे. खण कुठाय? आधी तांदूळ, मग खण!" ऋजुता गोंधळली, तरी त्या सूचनांप्रमाणे तिने नीट ओटी भरली. ओटीआधीच पालखी नाचवून अंगणात दारासमोर टेकवली होती.

भागोजी पालखीच्या बाजूला उभे होते. त्यांनी माझा हात धरून मला तिथे उभे केले आणि दारातून आत बोट दाखवले. त्या डागाळलेल्या आरशात उमावहिनी दिसत होत्या. उशीवर मान किंचित उचललेली होती, हात जोडलेले होते आणि नजर थेट पालखीवर होती.

"देवीला पण दिसली," भागोजी म्हणाले.

वैशाखात उमावहिनी काठी घेऊन चालू लागल्या. भागोजींनी निरोप पाठवला, आता तो कोरीव आरसा खाली आणू का? उत्तर आले, नको, फाटकाकडे लक्ष राहते.

भागोजी आता नव्या घरी कागद लावण्याआधी एक प्रश्न विचारतात, घरात कोण कुठे निजते. आणि कागदासोबत, निजलेल्याला काय दिसेल ते धरून पाहायला, ते एक साधा, हातभर आरसाही नेतात.