भिंतीकडे तोंड

ओतासिलिओला आमच्या गल्लीत कुणी चांगला म्हणत नसे, वाईटही म्हणत नसे. 'भिंतवाला' म्हणत. समोरून बाई येताना दिसली की हा माणूस हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करून उभा राही. हात पाठीमागे, मान खाली. बाई पुढे गेली, तिच्या चपलांचा आवाज विरला, की पुन्हा आपल्या वाटेला लागे. मग ती चर्चमधली म्हातारी सिस्टर असो, नाहीतर पावाची पिशवी हलवत निघालेली शाळकरी पोर. आधी बायका बिचकल्या, मग हसायला लागल्या. काहीजणी तर मुद्दाम परत फिरून यायच्या, त्याला पुन्हा वळायला लावायच्या. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता.

पण जुसाराला त्याचं हसू येत नसे. ती त्याची एकुलती एक मुलगी, आणि तो तिच्यासमोरूनही वळे.

ती फ्रॉक घालायच्या वयाची होती तेव्हा आमच्या रेसिफे शहराच्या गोदीवर मारामारी झाली, एक माणूस मेला आणि ओतासिलिओ आत गेला. तेव्हापासून तिची आई, झुल्मिरा, दर रविवारी पहाटे उठून मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस आणि उकडलेले मकाशेराचे कंद आरपार दिसणाऱ्या डब्यात भरायची. तुरुंगात भेटीला जाताना काळे कपडे चालत नसत, बूट चालत नसत, म्हणून फिकट झगा आणि साध्या रबरी चपला. पोरीला मावशीकडे सोडायची. ते पोरांचं ठिकाण नव्हे, एवढंच सांगायची. उन्हं उतरली की रिकामा डबा घेऊन परत यायची, आणि तिथे काय पाहिलं याबद्दल चकार शब्द काढायची नाही. त्याच्या सुटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. सांगायचं राहिलं ते सगळं तिच्याबरोबर गेलं.

ओतासिलिओ सुटून आला तेव्हा दारात एक वाढलेली मुलगी उभी होती. तिने इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य तोंडाशी आणलं, आणि तो चौकटीकडे तोंड करून उभा राहिला. जुसाराने त्या दिवशी एक गाठ मनाशी बांधली ती बांधलीच. आपलं तोंड बघायचीसुद्धा या माणसाला इच्छा नाही. आई मेली, आपण उरलो, हेच त्याला खुपतंय.

तो उंबऱ्याशी बसून चपला दुरुस्त करायचा. तळ शिवायचा, तुटका पट्टा ओवायचा. झुल्मिराच्या रबरी चपलाही त्याने न सांगता नव्या तळाने जोडून दाराशी ठेवल्या होत्या. जुसारा त्या घालून घरात वावरायची. तेवढंच काय ते दोघांमधलं बोलणं.

मग रोमिल्दोशी तिचं लग्न ठरलं. पोरगा सरळ, बस चालवायचा. त्याचा बाप आदाउतो मात्र भारी माणूस. मिरवणुकीत क्रूस धरायचा, पाद्रीबाबांच्या उजव्या हाताला बसायचा, आणि तरुणपणी दक्षिणेत इमारतीच्या कामावर कसे घाम गाळत काढले ते दिवस, हे ऐकवल्याशिवाय कॉफीचा कप खाली ठेवायचा नाही. त्याने जुसाराला गोडीत सांगितलं की चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत दोन्ही बाजूंना बायकाच बायका बसणार. तुझा बाप रीतीप्रमाणे तुला वेदीपर्यंत घेऊन चालताना प्रत्येक बाकाशी वळेल, लोक फिदीफिदी हसतील. त्यापेक्षा तुझे काका तुला घेऊन येऊ देत. आणि खरं सांगायचं, तुरुंगातून आलेला माणूस वेदीपाशी शोभत नाही.

जुसारा हो म्हणाली. घरी येऊन बापाच्या पाठीला तिने ते सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि सुईत दोरा ओवत राहिला. भांडला असता तरी चाललं असतं. त्या "बरं"ने तिच्या जिवाला घोर लागला. लग्न येत्या शनिवारी होतं.

त्याआधीच्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवला. दक्षिणेकडच्या कुणा मोठ्या दिग्दर्शकाचा, तुरुंगावरचा. त्याला बक्षिसं मिळाली होती, आणि आमच्याकडे तर घरटी एखादा माणूस कधी ना कधी आत जाऊन आलेला, तेव्हा सगळी वस्ती लोटली. खिडक्यांवर प्रत्येकाने आपापल्या घरची चादर आणून टांगली होती. निळी, पिवळी, गुलाबी फुलांची. बाहेरचं रणरणतं ऊन त्या चादरींतून आत यायचं ते मऊ आणि रंगीत होऊन. भरती ओसरलेल्या नदीचा वास येत होता, पंखा कुरकुरत होता, लोकांचे चेहरे निळसर-पिवळे दिसत होते आणि कुणाचंच वय कळत नव्हतं. बाकांवर बायका, भिंतींना टेकून पुरुष. अगदी मागे, दाराजवळ, ओतासिलिओ.

पडद्यावर भोसकाभोसकी चालली होती आणि हॉल रंगात आला होता. रक्त उडालं की पोरं टाळ्या पिटत, आया त्यांचे डोळे झाकत आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघत. कुणीतरी नायकाला ओरडून सांगत होतं की मागे बघ, मागे बघ. जुसाराला गुंगी आली होती. तिला वाटलं, चादरीच्या पलीकडे कुणी चालतंय, रबरी चपला घालून, हातात डबा घेऊन. आईच. ती पडद्याच्या दारातून आत गेली तर आपल्यालाही शेवटी दिसेल तिथे काय होतं ते.

आणि खरोखरच पडद्यावर रविवार उजाडला. बायका रांगेने आत शिरल्या. दोन्ही बाजूंना कैदी गजांना लोंबकळत शिट्ट्या मारू लागले, हात लांब करून बायकांचे झगे ओढू लागले, नको नको ते बोलू लागले. हॉलमध्ये हशा पिकला. भिंतीशी उभा असलेला बर्फवाला म्हणाला, "आता कळलं, बायका दर रविवारी एवढ्या हौसेने का जायच्या!"

जुसाराची कानशिलं तापली. हसणाऱ्यांतली निम्मी माणसं आईच्या मयताला आली होती. तिला उठून बर्फवाल्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तिला तरी कुठे माहीत होतं, खरं काय ते?

तेवढ्यात पुढच्या बाकावरून म्हातारी एदितेबाई उठली. झुल्मिराची रांगेतली सोबतीण, मुलाला भेटायला जायची. गुडघे धरून उठली आणि थेट पडद्यासमोर उभी राहिली. सिनेमा तिच्या अंगावरून वाहायला लागला. कुणी म्हणालं, बाजूला हो मावशी. ती झाली नाही.

"चाकू खरे," ती म्हणाली. "उंदीर खरे. माझा पोरगा तिथेच गेला, तेही खरं. पण हे खोटं आहे. आम्ही आत पाऊल टाकलं की आमच्याकडे एकाचीही मान वर व्हायची नाही. कुणी बघितलं असतं तर त्याच्याच बरोबरीच्यांनी त्याला जिता ठेवला नसता."

"म्हणजे सगळे साधुसंत होते तर!" बर्फवाला म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

आणि मग मागून आवाज आला. लांबलचक, खणखणीत, तुरुंगातल्या बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायचा आवाज.

"भेऽऽट आली!"

ओतासिलिओचा एवढा मोठा आवाज वस्तीत कुणी कधी ऐकला नव्हता. हाक संपायच्या आत तो भिंतीकडे वळला होता. हात पाठीमागे, मान खाली.

तो एकटा वळला नाही. पलीकडे पाववाला वळला. चर्चमध्ये गिटार वाजवणारा वळला, गळ्यात तिकिटांची पिशवी असलेला कंडक्टर वळला. हे कधी आत होते, कुणाला ठाऊक नव्हतं. गावाला गेलो होतो, बोटीवर होतो, आजारी होतो, असं सांगून बसले होते बिचारे. पण ती हाक त्यांच्या अंगात इतकी खोल रुतली होती की शरीर आधी वळलं आणि लाज मागून आली. तोवर उशीर झाला होता. आणि खिडकीशी, गुलाबी फुलांच्या चादरीखाली, भिंतीला नाक लावून, हात पाठीमागे बांधून उभा होता आदाउतो.

हशा कुठल्या कुठे गेला. बर्फवाला आपल्या चपलांकडे बघत राहिला. एदिते हॉलच्या मधल्या वाटेने हळूहळू चालू लागली, पूर्वीसारखी, पोटाशी डबा धरल्यासारखे हात करून. आदाउतोपाशी ती क्षणभर थांबली.

"मान जाड झाली हो तुझी," ती म्हणाली. "चेहरे आम्ही कधी बघितले नाहीत, माना बघितल्या. तुझी मी तू क्रूस धरलास त्या मिरवणुकीतच ओळखली होती." आणि पुढे गेली. इतकी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. आदाउतोच्या बायकोने उठून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

जुसाराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. भिंतीकडे वळलेल्या त्या पाठींकडे ती बघत राहिली. आई दर रविवारी यांच्यामधून चालत गेली. कुणी तिला नजरेनेही धक्का लावला नाही. आणि आपण समजत होतो, बाबांना आपलं तोंडही बघायचं नाही.

ती उठली आणि मधल्या वाटेने निघाली. पायांत आईच्या रबरी चपला होत्या, त्यांचा फटक फटक आवाज हॉलभर होत होता. पडद्यावर काहीतरी चाललं होतं, पण कुणी तिकडे बघत नव्हतं. ती बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने मान आणखी खाली घातली.

"बाबा, माझ्याकडे का नाही हो बघत?"

"आपल्या भेटीला आलेल्या माणसाकडेच बघायचं असतं," तो भिंतीला म्हणाला. "आत कुणीतरी नाव पुकारायचं, अमक्याची भेट. मग वळायचं. तू कधी आलीच नव्हतीस, पोरी. दारात उभी होतीस तेव्हा कुणी नाव पुकारलं नाही. कुठल्या तोंडाने बघणार?"

एदितेने लांबून मान हलवली, म्हण म्हण अशी.

"भेट आली," जुसारा म्हणाली. "ओतासिलिओची."

तो वळला. चादरींतून आलेला निळा-पिवळा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. त्याचे डोळे तपकिरी होते, तिच्यासारखेच. तिला हे माहीतच नव्हतं.

"चपला ओळखीच्या वाटत होत्या," तो म्हणाला. "पाय ओळखीचा नव्हता."

"शनिवारी दारापासून माझ्याबरोबर चालायचंय. काका नाही येणार."

"दोन्हीकडे बायका असतील, पोरी."

"असू देत. तुम्ही माझ्याकडे बघत चाला."

त्याने पाठीमागचे हात सोडले.