दाजींचा टिकाऊ सेंट

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले असते, तरी सुगंधाच्या बाबतीत आमच्या दाजींइतका हट्टी माणूस सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राजुरीत राहायचे आणि आसपासच्या गोठ्यांवर फिरून जनावरांना औषधपाणी करायचे. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. ज्याचा सगळा दिवस गाईंच्या शेपट्यांमागे जातो त्यानं सेंटच्या भानगडीत पडू नये, असं कुणाही शहाण्याला वाटेल. दाजींना नेमकं उलट वाटायचं. ते म्हणत, "मला सेंट लागत न्हाई, तर काय कापडदुकानदाराला लागतो?"

या वेडाला खतपाणी मीच घातलं, हे कबूल करतो. नव्वदीच्या दशकात मी पुण्यात नोकरीला होतो आणि एका दिवाळीला त्यांच्यासाठी सेंटची चांगली बाटली घेऊन गेलो. तिच्यावर कोलोन असं लिहिलं होतं, पण दाजींच्या लेखी जे शिशीत असतं आणि घमघमतं ते सगळं सेंट. पाडव्याला सकाळी आठला तो मारून ते मोटारसायकलवरून निघाले आणि दुपारी असे तोंड पाडून परतले की मी त्यांना भेसळीचा माल दिलाय असं वाटावं. "पावणं," ते म्हणाले, "तुमचा सेंट अकरालाच रजेवर गेला." त्या दिवसापासून सेंट संध्याकाळपर्यंत कामावर ठेवायचा, हा त्यांचा ध्यास झाला.

मग ते भेटेल त्या न्हाव्याला, शिंप्याला, बांगडीवाल्याला विचारत सुटले. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच सेंट लावायचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि दाजी टॉवेलाशिवाय निथळत अंगणात उभे राहू लागले. मनगटावर लावलेला सेंट घासायचा नाही, हे दुसऱ्या कुणी सांगितलं. लोणीच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे चुलते हाताला लावलेलं अत्तर सवयीनं चोळायला लागले, तर दाजींनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. "घासू नका राव, मरतो तो," असं त्यांनी इतक्या कळवळून सांगितलं की चुलत्यांनी घाबरून हात मागं घेतले आणि जेवायलाही जरा उशिराच बसले. उन्हानं सेंट उडतो हे कळल्यावर बाटली बाजरीच्या पिंपात गेली. तिचं झाकण सैल होतं. चार दिवस घरादारानं सुवासिक भाकरी खाल्ली. अक्काच्या सासूबाईंना ते बाजरीचं नवीन वाण वाटलं. त्यांनी त्यातली दोन पायली पेरायला बाजूला काढायला सांगितली.

परीक्षा घ्यायची जागा म्हणजे आणे गावचं पठार. तिथल्या वाऱ्यात जो सेंट टिकेल तो कुठंही टिकेल, असा त्यांचा हिशेब. घाट चढून जायचं, चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि टपरीवाल्याला विचारायचं, "येतोय का?" तो बिचारा प्रत्येक वेळी हो म्हणायचा. सहा महिन्यांनी त्यानं सांगितलं, "डॉक्टर, खरं सांगू का, मला दोन वर्सं झाली, वासच येत न्हाई." दाजींना सहा महिन्यांचं संशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

शेवटी उत्तर सापडलं ते त्यांच्याच पिशवीत. गाईच्या चिरलेल्या सडांना लावायचं एक चिकट, पिवळं मलम असतं. त्याचा एक थर त्यांनी गळ्याला आणि कानामागं चोपडला आणि वर सेंट मारला. मलमानं सेंट असा धरून ठेवला की सकाळी आठचा वास दिवेलागणीला जसाच्या तसा. पुढचे काही महिने दाजी राजासारखे वावरले. ते कोणत्या आळीत आहेत हे विचारावं लागत नसे.

आणि तिथंच घोटाळा झाला. माणसांना कळायला वेळ लागला, पण गाईंना लगेच कळलं. हा वास आला की मागोमाग सुई येते. मोटारसायकल रस्त्यावर असतानाच गोठ्यात गाई दावी ओढायला लागल्या. एकीनं खुंटा उपटला, दुसरीनं संध्याकाळचं दूध चोरलं, पान्हाच सोडला नाही. दाजींना वाटलं, गाडीच्या आवाजाला बिचकतात. मग ते गाडी लांब लावून चालत जाऊ लागले. काही उपयोग नाही. लोक हळूच दुसऱ्या डॉक्टरला बोलवू लागले, तरी हे सेंटामुळं होतंय असं दाजी मानेनात.

मी सुट्टीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या मळ्यातल्या मावशींची पहिलारू गाय विताना अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आलेला. दुसरा डॉक्टर लग्नाला गेला होता. आम्ही दोघं धावत गेलो, तर दाजींचा वास येताच गाय डोळे फिरवून लाथा झाडायला लागली. दोन गड्यांना आवरेना. मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी जरा लांब व्हा. ती तुमालाच भितीया."

दाजींनी शर्ट काढला आणि हौदावर साबणानं गळा खरवडला. पण ते मलम त्यांनीच टिकावं म्हणून निवडलेलं. ते कसलं जातंय. आरडाओरडा ऐकून हौदाभोवती जमलेला सगळा मळा बघत होता. दाजी खाली वाकले, गोठ्यातलं ताजं शेण दोन्ही हातांनी उचललं आणि गळ्याला, छातीला, गालांना, कानामागं थापलं. मग हात तेवढे गरम पाण्यानं कोपरापर्यंत स्वच्छ धुतले आणि पुटपुटत गाईजवळ गेले. या वेळी तिनं फक्त कान हलवले. पाऊण तासात कालवड बाहेर आली, गाय उठून तिला चाटायला लागली. मी हसून हसून भिंतीला टेकलो होतो. दाजी मात्र हसले नाहीत. त्यानंतर कामावर निघताना त्यांनी सेंट कधी लावला नाही.

दाजी जाऊन आता काही वर्षं झाली. मागं एकदा ओसरीवर बसून मी अक्काला तो शेणाचा किस्सा रंगवून सांगत होतो. ती ऐकत होती, पण हसेना. म्हणाली, "मला त्या सेंटानं रोज डोकं दुखायचं."

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस कधी.

"कशी बोलणार? शाळंत असताना हे सकाळी गोठ्यातलं शेण काढून तसंच पळत जायचे. पोरं शेणक्या म्हणायची, बाकावर शेजारी बसायची न्हाईत. लग्न झाल्यावर मला एकदाच सांगितलं व्हतं त्यांनी."

इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी हौदापाशी उभी असलेली निम्मी माणसं दाजींच्याच वर्गातली होती.