वाघजाईच्या भिंतीवरचे डोळे

आधीच सांगतो, भूत, चकवा, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. तळेगावात तीस वर्षं बोर्ड रंगवतोय, डोकं शाबूत आहे. पण कार्ल्याच्या वरच्या वाडीत जे झालं ते... तुम्हीच ठरवा.

तिथल्या वाघजाईच्या देवळाच्या भिंतीवर बिबट्या काढायचा होता. वाडीत त्याला वाघच म्हणतात. उत्सव रविवारी. उत्सव समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पेंटर, जमला तर ठीक, नाहीतर फ्लेक्स लावतो." फ्लेक्सनं माझा धंदा आधीच बसवलाय. ही भिंतही गेली असती तर मी ब्रश कायमचे खाली ठेवणार होतो, खोटं नाही सांगत.

दोनदा काढला, दोनदा वाडीतल्या बायका हसल्या — "मांजर हाय ही!" दोन्ही वेळा चुना मारला. तिसऱ्यांदा चिडून सुरुवातच डोळ्यांपासून केली. ऑइलपेंट, पिवळेजर्द. देवीची पूजा करणाऱ्या ठकूमावशीनं कपाळावर हात मारला.

"आरं, डोळं नारळ फोडल्यावर काडत्यात, समद्यात शेवटी! आता त्यो बगतोय अन् अंगच न्हाई त्याला. पूस ते!"

"नाही पुसत जा," म्हणालो. माझाही स्वभाव तसलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन चढत होतो. देवळाच्या खालच्या वळणावर, खडकावर बिबट्या! लोक जीप करून सफारीला जातात, शेपूटही दिसत नाही. इथे दहा पावलांवर अख्खा बसलेला. डावा कान फाटका. श्वासागणिक बरगड्या हलत होत्या. मी डबे छातीशी धरून जागीच उभा. त्यानं मला निवांत न्याहाळलं, उठला, करवंदीच्या जाळीत शिरला.

धापा टाकत देवळात पोचलो, तर भिंतीवर डोळे नव्हते! कोरी पांढरी भिंत. ऑइलपेंट चुन्यावर धरत नाही म्हणाल, पण मग पोपडे तरी खाली पडतील ना? फरशी स्वच्छ.

"मावशी, तुम्ही पुसले?"

"म्या? माजा हात तरी पोचंल का तितं!"

ब्रश घेतला. दिवसभर जेवलो नाही. फाटका कान, बरगड्या, खांद्याचा बाक... हात आपोआप चालत होता. रविवारी नारळ फुटला आणि मग डोळे काढले. अगदी तेच, खडकावरून मला बघणारे. एकही बाई हसली नाही. मांजर म्हणणारी तर दोन पावलं मागे सरकली. अध्यक्ष ओरडले, "लय भारी, पेंटर! फ्लेक्स कॅन्सल!" आनंदानं मला रडूच फुटलं.

आदले डोळे कुठे गेले? आजही डोकं खाजवतो.

"कोपऱ्यात नाव टाका की," अध्यक्ष म्हणाले. एरवी मी विचारत नाही, त्या दिवशी मात्र मावशीकडे बघितलं.

"टाक," ती म्हणाली. "त्यो बगून गेलाय तुला."

टाकलं. चांगल्या ठसठशीत अक्षरात.