मासोळ्यांची पाटवडी

महिन्यातून एका रविवारी मी घरात पाटवडी करते, पण ती माणसांसाठी नसते. सुके झिंगे कुटायला घेतले की नवरा न सांगता खिडक्या उघडतो आणि लेक नाकाला ओढणी लावून आपल्या खोलीत जाते. ज्या दोन गोल्डफिशसाठी हा खटाटोप, त्या खरं तर तिच्याच. पण हे खाणं बनवायला मी शिकले ते माझ्या बाबांकडून. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, हा बाबांचा नियम. आई गेल्यानंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना केशोरीहून गोंदियाला आणलं, तर बसमधून उतरले ते खांद्यावर तांदळाची चुंगडी घेऊन. जावयाला हात लावू देईनात. गल्लोगल्ली राईस मिल असलेल्या गावात हा माणूस घरचा तांदूळ घेऊन आला होता. आमच्याच वावरातला चिन्नोर. घरात पाऊल टाकताच त्यांनी सांगून टाकलं की चुंगडीत तांदूळ आहे तोवर राहीन, संपला की जाईन. मी कपाळाला हात लावला. गावच्या घरात ते एकटे, स्वतः चूल पेटवणार, धूर डोळ्यांत जाणार. मला त्यांना परत पाठवायचंच नव्हतं. पण बाबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले तर काचेच्या टाकीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालेलं. तेव्हा मासे तीन होते. बाबांनी आयुष्यभर वावराजवळच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासोळ्यांना मूठमूठ कोंडा टाकला होता. टाकला की पाण्यावर झुंबड उडायची. आमच्या घरात कोंडा नाही म्हणून त्यांनी चुंगडीच्या तळची कणी आणि सकाळचा उरलेला भात टाकला, तोही बोडीच्या मापाने. आम्ही पाणी बदललं, पण सकाळी एक मासा पोट वर करून तरंगत होता.

लेक रडली. थोड्या वेळाने पाहते तर बाबा पिशवीत धोतर भरत होते.

"लेकीच्या घरी येऊन जीव मारलो मी," ते म्हणाले. "आता कायले राहू?"

मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आला राग. मी म्हटलं, "अजून दोन बाकी आहेत. त्याईले कोन पाहीन? मी त नाही पाहात."

त्यांनी धोतर परत खुंटीला लावलं.

मग रीतसर शिक्षण सुरू झालं. नात फोनवर वाचून सांगायची, आजोबा काळा चष्मा लावून ऐकायचे आणि अर्ध्या गोष्टींत खोट काढायचे. उकडलेले वाटाणे साल काढून घ्यायचे, मूठभर पालक, लसणाची एक पाकळी, झिंग्यांची पूड. हे सगळं एकत्र धरायला कसलीशी पावडर बाजारातून आणा, असं फोन म्हणत होता. बाबा म्हणाले, अंडं कशाला आहे? ते मिश्रण त्यांनी ताटात थापून वाफवलं आणि गार झाल्यावर पाटवडीसारखं कापलं. वड्या फ्रीजरमध्ये गेल्या. रोज सकाळी त्यातली एक काढून तिचे मसुराएवढे तुकडे करायचे, ते त्यांच्याकडे. मासे खाऊन होईपर्यंत ते टाकीसमोरून हलत नसत, आणि वर एक दाणाही जास्त टाकत नसत. एकदा एक तुकडा त्यांनी स्वतः चाखला. मीठ नव्हतं. बीपीमुळे मी त्यांच्याही भाजीतलं मीठ कमी केलं होतं. या घरात मासोळीला आणि बापाला एकच पथ्य आहे, असं त्यांनी शेजाऱ्यांपर्यंत पोचवलं.

तिकडे चुंगडी खाली जात होती. ते आंघोळीला गेले की मी दुकानचा तांदूळ आणून तीत ओतायची, तीन-चार दिवसांनी दोन शेर, फार भरल्यासारखं दिसू नये इतकाच. नवऱ्याला हसू यायचं. मला मात्र माझ्या हुशारीचा मोठा अभिमान होता. आठ दिवसांचा तांदूळ घेऊन आलेले बाबा अडीच महिने राहिले. एवढे दिवस सलग तर ते मी सासरी गेल्यापासून माझ्याजवळ कधीच नव्हते. सकाळी स्वयंपाकघरातून टाकीकडे पाहिलं की त्यांची पाठ दिसायची, आणि मला उगीचच बरं वाटायचं.

पऱ्हे टाकायचे, धानाच्या रोपांसाठी बी पेरायचे दिवस आले तसे ते बेचैन झाले. वावर बोलवत होतं, तिथे माझं काही चाललं नसतं. निघण्याआधी त्यांनी दोन ताटं पाटवडी करून ठेवली आणि मला चार वेळा बजावलं की पोटभर खाऊ घालू नको, मासोळीले पोट समजत नाही. चुंगडी त्यांनी माझ्याकडेच ठेवली.

बस स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. केशोरीची बस लागायची होती. समोर बघत ते सहज म्हणाले, "चुंगडीत तू दुकानचा तांदूर टाकून राहिली होती. पयल्याच दिवशी समजलं मले."

ज्याने जन्मभर चिन्नोर पिकवला त्याला भाताच्या वासावरून कळणारच, हे मला कसं सुचलं नाही? इतके दिवस रोज ताटावर बसून हा माणूस दुकानचा, लेकीच्या घरचा भात खात होता.

"मंग बोलले काऊन नाही?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला.

"बोललो असतो," ते म्हणाले, "त जा लागलं असतं."