पट्टीबाईंवरची तक्रार

काही माणसांना सुखानं नोकरी करून सुखानं घरी बसता येत नाही, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार! पट्टीबाई त्यातल्याच. सव्वीस वर्षं एका मोठ्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं. हातात सदा लाकडी पट्टी, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. मारायच्या नाहीत, पण टेबलावर अशी आपटायच्या की मागच्या बाकावरचे पेंगुळलेले खडबडून ताठ व्हायचे.

मग एकदा जिन्यावरून घसरून बाईंचा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. शाळेला बदली शिक्षक मिळेना. घरी पडल्या पडल्या बाईंचा जीव टांगणीला: अपूर्णांकांचा धडा तसाच राहिला, आता पोरांचं कसं होणार? काठी टेकत परत गेल्या तर पोरांनी धडा आपापसांत वाटून घेऊन संपवलेलासुद्धा! कुणी घरातल्या मापांनी शिकलं, कुणी थोरल्या बहिणीला विचारून, आणि ज्याला कळलं त्यानं शेजारच्याला सांगितलं. वह्या तपासल्या, तर चुका नेहमीपेक्षा कमी. बाईंना आनंद झाला असेल म्हणता? छे! नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘म्हणजे माझ्यावाचून यांचं काही अडलंच नाही!’ दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी राग ओसरला आणि डोक्यात किडा वळवळू लागला.

त्या किड्याची पुढे शाळा झाली. बाईंच्या नणंदेचं फर्निचरचं दुकान बंद पडलं होतं, ते लांबलचक दालन मिळालं. नणंद नुसती जागा देऊन गप्प बसणारी नव्हे. कचेरी तिनंच ताब्यात घेतली. तेवीस मुलं जमली. दर सोमवारी प्रत्येकानं आपलं आठवड्याचं काम स्वतः ठरवायचं, कुठे अडलं तर आधी सोबत्याला विचारायचं, मग बाईंना. आणि शुक्रवारी अकरा वाजता सभा. सभेत कुणीही कुणाचीही तक्रार मांडावी, मोठ्यांचीसुद्धा. हा नियम बाईंनीच केलेला. तेव्हा आपणच त्यात सापडू असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

तात्पुरती परवानगी महिनाअखेर संपत होती. पक्की द्यायची की शाळेला टाळं लावायचं, हे ठरवायला तपासनीस साहेब शुक्रवारीच येणार असं पत्र आलं. बाईंचं धाबं दणाणलं. या तेविसांतल्या निम्म्यांना आधीच्या शाळांनी ‘ढ’ म्हणून कोपऱ्यात बसवलेलं. त्यांना पुन्हा तिथेच धाडायचं? त्या विचारानं बाईंना अन्न गोड लागेना. आणि मग, सांगायलाही लाज वाटते, गुरुवारी त्यांनी बाकांच्या सरळ रांगा लावल्या, भिंतीवर एक सुबक खोटं वेळापत्रक चिकटवलं आणि मुलांकडून घोकून घेतलं, “आम्ही रोज दहा ते अकरा गणित करतो.”

“वहिनी, हे काय आरंभलंय?” नणंद कचेरीतून बाहेर आली. “ज्यासाठी ती शाळा सोडलीत, तेच इथे?”

“वन्सं, एक दिवसाचा प्रश्न आहे. अडला हरी...”

“तेवढं गाढवाचे पाय धरायचं मला नका सांगू,” नणंद म्हणाली आणि दार लावून आत गेली.

शुक्रवारी साहेब आले. उंच, किडकिडीत, चेहरा असा की हसला तर दंड भरावा लागेल. दोन तास वह्या चाळल्या, मुलांना प्रश्न विचारले; वेळापत्रकातला त्या दिवशीचा गणिताचा तास त्यातच गेला. मुलांनी शिकवल्याप्रमाणे पोपटपंची केली. साहेबांनी तपासणीच्या तक्त्यात वेळापत्रकाच्या रकान्यात लिहिलं: रोज दहा ते अकरा गणित. बाईंनी हळूच श्वास सोडला.

आणि घड्याळात अकरा वाजले. मुलं उठली, बाक सरकवले आणि जमिनीवर गोल करून बसली. आजची सभा रद्द, हे सांगायचं बाई साफ विसरल्या होत्या!

अध्यक्षपदाची पाळी मुंगीची. मुंगी म्हणजे नऊ वर्षांची, आवाज न करता चालणारी मुलगी. तिनं चिठ्ठी उलगडली. “पहिला विषय. तक्रार पट्टीबाईंवर आहे. तक्रार माझीच आहे. बाईंनी काल आपल्याला खोटं बोलायला शिकवलं. आपण दहा ते अकरा गणित करत नाही. मी तर तीन आठवडे गणित केलंच नाहीये, मी सगळ्या खिडक्यांची मापं काढून पडद्याचं कापड किती लागेल ते काढतेय.”

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. संपलं सगळं!

साहेबांनी घसा खाकरला. “मला जरा बोलायचंय.”

“तुमचा नंबर दुसरा,” मुंगी म्हणाली. “आधी बाई.”

सव्वीस वर्षांत बाई कुठल्याही वर्गापुढे अशा उभ्या राहिल्या नव्हत्या. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मी घाबरले होते. शाळा बंद पडेल असं वाटलं. म्हणून तुम्हाला खोटं बोलायला लावलं. पुन्हा नाही करणार.”

“बरं,” मुंगी म्हणाली. “आता तुम्ही बोला.”

साहेब खाली मांडी घालून बसले. “अगं, मी समोर बसलोय हे दिसत नव्हतं का? आजच कशाला सांगितलंस?”

मुंगी गोंधळली. “सभा शुक्रवारीच असते,” ती म्हणाली.

साहेबांनी मुंगीचं नाव विचारलं आणि फायलीतून तिच्या जुन्या शाळेचा दाखला शोधून काढला. तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग कागद बाईंपुढे धरला. त्यावर शेरा होता: दोन वर्षांत वर्गात एक शब्दही बोललेली नाही.

“हीच ना ही?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“हीच,” बाई म्हणाल्या.

“आणि कापड किती लागतंय?” साहेबांनी मुंगीला विचारलं.

“साडेसदतीस मीटर. पण दोन खिडक्या मोजायच्या राहिल्यात.”

साहेबांनी तक्ता पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. “बाई, मला लिहायचंय, तेव्हा खरं सांगा. रोज दहा ते अकरा गणित होतं का?”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं हलकं वाटलं. “नाही हो साहेब,” त्या म्हणाल्या, “एक दिवससुद्धा नाही!”

साहेबांनी आधीची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: मुलं तेवीस. वेळापत्रकं तेवीस. खाली पक्क्या परवानगीच्या चौकटीत खूण करून सही केली आणि मुंगीकडे पाहिलं. “मी आता उठू का?”

“सभा संपल्यावर,” मुंगी म्हणाली. “अजून तीन विषय आहेत.”

साहेब बसूनच राहिले.