दोन अंशांची चूक आणि शरयूताई

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी देवासहून धारच्या महाविद्यालयात डॉ. शरयू पोतनीस यांच्याकडे संशोधनासाठी आलो. माझे वडील साताऱ्याकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आलेले आणि माझे शिक्षण सगळे हिंदीत. "मला रिसर्च करायची आहे, मॅडम," असे काहीसे मी म्हणालो. धार संस्थानच्या जुन्या दफ्तरदारांच्या घरातल्या ताईंनी माझी हिंदी वळणाची मराठी ऐकून घेतली आणि नितळ द्रव भरलेली एक परीक्षानळी माझ्या मुठीत दिली. काही मिनिटांत तो द्रव दुधासारखा पांढरा झाला. त्यांनी नळी माठातल्या पाण्यात बुडवली, तो पुन्हा नितळ झाला. मी थक्क होऊन पाहतच राहिलो.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. नळीतला ताईंचा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, नेमका उलटा वागे. थंड असताना त्याच्या लांब साखळ्या पाण्याला धरून असत. बत्तीस अंशांच्या आसपास त्या पाण्याला सोडून आपसांत गोळा होत आणि द्रव गढूळ दिसे. हा क्षण नेमक्या कोणत्या तापमानाला येतो, ते ताई वर्षानुवर्षे मोजत आल्या होत्या. हाताशी होते ते पाणी हळूहळू तापवणारे वॉटर बाथ, काचेचा थर्मामीटर आणि त्यांचे डोळे.

आम्ही साखळीत थोडा बदल करून एक नवा नमुना तयार केला. माझ्या मोजणीत तो चौतीस अंशांना, म्हणजे दोन अंश उशिरा, गढूळला. ताईंनी इंदूरच्या एका परिषदेत हा निष्कर्ष मांडला. टाळ्या पडल्या. माझ्या प्रबंधाचा तो कणाच होता.

मार्चमधल्या एका दुपारी ताई टेबलाशी उभ्या होत्या. आमच्या नमुन्याची बाटली पांढरी झाली होती. त्यांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिले. तो तेहेतीस दाखवत होता. चौतिसाला गढूळणारा नमुना तेहेतिसालाच पांढरा कसा? त्या खोलीत मी रोज बसत होतो. मला ते कधी दिसले नव्हते.

त्यांनी मला बर्फ आणायला पाठवले. उसाचा रस विकणाऱ्या भियाकडून मी बर्फाच्या लादीचा तुकडा आणला. फोडलेल्या बर्फात थर्मामीटर ठेवला. शून्याऐवजी तो दोनावर थांबला. हा थर्मामीटर मी देवासहून विकत घेऊन बसने पिशवीत आणला होता. धक्क्यांनी पाऱ्याच्या रेषेत केसाएवढी फट पडली होती. रोज बर्फात तपासून मगच मोजायचे, हा ताईंचा नियम. मी तो कंटाळ्याने टाळला होता आणि वहीत रोज शून्य लिहिले होते.

मी हे सांगितले तेव्हा त्यांनी वही मिटली. एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून पहिल्यापासून मोजू."

पुढच्या परिषदेत ताईंनी स्वतः उभे राहून निष्कर्ष मागे घेतला. कोणीतरी विचारले, चूक कोणाची? ताई म्हणाल्या, "माझी. वही तपासणं माझं काम होतं." मागच्या रांगेतून मी उठलो आणि सांगितले, "वहीतलं शून्य मी न मोजता लिहिलं होतं."

परतताना बसमध्ये त्यांनी डब्यातल्या दशम्या मला दिल्या. घाटाबिल्लोद गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "उभा राहिलास, बरं केलंस. मी तुझं नाव घेणार नव्हते."

प्रबंधाला एक वर्ष जास्त लागले. नवा नमुना बत्तिसाच्या जवळच निघाला, आणि तसेच आम्ही लिहिले. मधे देवासला वडिलांचे ऑपरेशन झाले. मी परतलो तर आठ दिवसांची मोजणी पूर्ण होती. प्रत्येक पानावर ताईंच्या वळणदार अक्षरात आधी बर्फातली नोंद होती, खाली त्यांची सही, आणि शेजारी लिहिलेले: 'सुभाष रजेवर, वडील आजारी.' स्वतःचे काम माझ्या नावावर टाकण्याइतकीही सवलत त्यांनी प्रेमापोटी घेतली नव्हती. त्या पानांपुढे मी आजही नम्र होतो.

यंदा ताई साठ वर्षांच्या झाल्या आणि निवृत्तही होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांची जिन्यावर कुरकुर न राहो, डोळ्यांची नजर अशीच तेज राहो आणि पुष्कळ, पुष्कळ वर्षे त्यांना आरोग्याची लाभोत. आम्ही शिष्य अजून चुकतो. आमच्या वह्या मागून घ्यायला त्या हव्यात.