तेल वाढलंय

माझ्या सासूबाईंच्या घरात कधीच काही संपलं नाही. मीठ वाढायचं, तांदूळ वाढायचे, तेल वाढायचं. "संपलं" हा शब्द कोणाच्या तोंडून निसटला तर जीभ सासूबाई चावायच्या. रिकामा डबा हलवून "तेल वाढलंय गो" म्हणाल्या की मी पिशवी घेऊन दुकानात पळायचं. मी पनवेल गावात लहानाची मोठी झालेली, जे आहे ते म्हणायची सवय. सासर गव्हाणकडचं. लग्नानंतर पहिले काही महिने त्या "वाढलं" म्हणाल्या की मी डबा उघडून बघायची, खरंच भरलाय की काय. पुढे सवय झाली, पण चीड काही गेली नाही.

न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि त्या बाजूच्या बऱ्याच जणांसारखा माझा नवराही गाडीच्या धंद्यात पडला. जुना ट्रक घेतला. आम्ही तेव्हा सासूबाईंसकट पनवेलला दोन खोल्यांत राहायचो आणि मागच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा असायचा, तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून. सकाळी ब्रेकची हवा भरेपर्यंत हे तो तसाच चालू ठेवायचे. माझा चहा त्या आवाजावर उकळायचा. आवाज एकसारखा असायचा, दळणाच्या गिरणीसारखा.

त्या थंडीत तो आवाज बिघडला. उभ्या गाडीत इंजिन गचके खायला लागलं. मध्येच एखादा ठोका गाळायचं, सगळा ट्रक अंग झाडायचा आणि माझ्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. धुरालाही कच्च्या डिझेलचा वास यायचा. शिवाय लाल दिवा. स्टिअरिंगपुढे तेलाच्या किटलीचं चित्र असलेला एक दिवा होता. ट्रक घेतला तेव्हा यांनीच मला मोठ्या कौतुकाने दाखवला होता, "हा लागला म्हणजे इंजिनाला ऑइल पोचत नाय. लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची." आता इंजिन तापलं आणि गाडी उभी राहिली की तोच दिवा लुकलुकायचा.

"मग बंद का नाही करत?" मी विचारलं.

"रेस दिली की जातो ना तो."

"जातो म्हणजे बरा होतो का?"

हे बनियन झटकत बाहेर गेले.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण तोवर त्यांचा ट्रक बंदर ते कळंबोली असा सपाटीवरच धावत होता, आणि आता पुण्याचा माल मिळाला होता. अवजड मशिनं. म्हणजे भरल्या गाडीने खंडाळ्याचा घाट. घाटात इंजिन बंद पडलं तर हवा भरत नाही आणि हवा नसली तर ब्रेक नाही, हेही यांनीच मला शिकवलेलं. नवऱ्याने बायकोला आपल्या धंद्यातलं फार शिकवू नये, नंतर झोप दोघांची जाते. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. त्या आठवड्यात मी सगळ्यांवर ओरडले, दूधवाल्यावरसुद्धा.

यांनी उपाय केले नाहीत असं नाही. डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली. इंजिन तसंच. मग स्टँडवरच्या एका जुन्या ड्रायव्हरला घेऊन आले. त्यांना सगळे काका म्हणायचे आणि ते म्हणतील ती पूर्व दिशा. काकांनी गाडी सुरू करायला लावली, रेस दिली, दिवा गेलेला पाहिला आणि निकाल दिला, "दिव्याचा स्विच खराब हाय. इंजिनाला काय नाय." मग डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी दिव्याचा बल्बच काढला आणि यांच्या तळहातावर ठेवला. "आता नाय लागणार."

"हा काय इलाज झाला?" मी खिडकीतून म्हटलं. काका हसले. सासूबाई मात्र दारातून पुढे झाल्या, "लागता दिवा असा काढत नाय रे." त्यांना अपशकुनाची भीती, मला घाटाची, पण त्या घरात आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होतो. पुरुषांनी दोघींकडेही लक्ष दिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हे जेवायला बसले. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून भाकरी जरा आपटूनच वाढली. तेवढ्यात सासूबाईंनी बरणी तिरकी करून पाहिली आणि म्हणाल्या, "तेल वाढलंय गो."

यांचा घास हातातच राहिला. मग हे हसायला लागले. "आये, गाडीचं पन वाढलंय."

"मग आण की नवीन."

"हेच! काका पन हेच बोलला. मी त्याला बोललो ऑइल वाढलंय, तो बोलतो, मग टाक ना!"

मी भाकरी खाली ठेवली. "थांबा. वाढलंय म्हणजे संपलंय, की जास्त झालंय?"

"जास्त झालंय! पट्टीवरच्या खुणेच्या वर गेलंय. कवापासून सांगतोय, कोन ऐकतच नाय. मागच्या मालकाने पट्टी दुसऱ्या गाडीची लावली असेल."

"मग घेतली तेव्हाही वरच दाखवत होती का?"

"तेव्हा खुणेवरच होतं," म्हणत यांनी घास ताटात ठेवला. मला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण घरात भांडी मी सांभाळत होते. भांड्यातली वस्तू आपल्या आपण वाढत नाही. दूध वाढलं तर त्यात पाणी आहे, एवढं कोणतीही बाई सांगेल. मी म्हटलं, "कोणी ओतलं नाही आणि वाढलं, तर त्यात दुसरं काहीतरी जातंय."

हे खरकट्या हाताने उठले. ऑइल मोजायची पट्टी काढून आणली, फडक्याला पुसली आणि फडकं नाकाशी नेलं. मग माझ्यापुढे धरलं. डिझेलचा वास होता.

गाडीचे मिस्त्री संध्याकाळच्या आत आले. मोहल्ल्यातले, वयस्कर, बोलणं बेताचं. पट्टीवरचं तेल त्यांनी दोन बोटांत चोळलं, आणि गाडी सुरू ठेवून एकेका नोझलकडे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, जाणाऱ्या नळीचा नट जरा सैल करायचा, कान द्यायचा, परत आवळायचा, असं सुरू केलं. नट सैल झाला की इंजिन आणखी अडखळायचं. एका नळीला मात्र काहीच फरक पडला नाही, ताटल्या होत्या तशाच वाजत राहिल्या.

"हा सिलिंडर कामच करत नाय, भाभी," ते म्हणाले. "नुसता पितो. नोझल गळतंय. डिझेल जळत नाय, ते खाली ऑइलमधी उतरतंय. ऑइल पातळ झालं की प्रेशर नाय, म्हनून दिवा. दिवा बिलकुल खरा होता."

खालचा बोल्ट काढला तेव्हा घमेल्यात तेल पडलं ते पाण्यासारखं, धार लावून, आणि घमेलं भरून ओसंडलं. यांनी विचारलं, "असाच घाट चढलो असतो तर?" मिस्त्रींनी हात पुसत घमेल्याकडे पाहिलं. "बेअरिंग धरली असती, इंजिन जागीच जाम. कुठं, ते अल्लाला ठाऊक."

मी पायरीवर बसले आणि इतक्या दिवसांचं रडू तिथे रडून घेतलं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी येऊन बसल्या. मी त्यांनाच फटकारलं, "आजपासून या घरात सरळ बोलायचं. संपलं तर संपलं आणि वाढलं तर वाढलं." त्यांनी हो म्हटलं नाही, पण जीभही चावली नाही.

सकाळी नवं नोझल, नवं ऑइल, आणि बल्ब परत जागेवर. चावी फिरवताच लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं आणि दिवा गेला. ताटल्या गप्प होत्या. चहा पुन्हा पूर्वीच्या आवाजावर उकळला. हे डबा घेऊन वर चढले, खिडकीतून डोकं काढलं आणि माझ्याकडे बघत मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "चल, जातो मी."

"येतो म्हणा!" मी ओरडले. माझ्या मागे सासूबाईही तेच ओरडत होत्या.

"सरळ बोलायचं ठरलं ना काल?"

"येतो म्हणा आधी," मी म्हटलं. या वेळी मी ओरडले नाही, आणि त्यांचं हसू गेलं.

"येतो," ते म्हणाले.